मातीतला खड्डा नेमकं काय सिद्ध करतो?



गतिज ऊर्जेवरचं कुठलंही लोकप्रिय विज्ञानाचं पुस्तक उघडा किंवा व्हिडिओ लावा, एक गोष्ट हमखास भेटते. पूर्वी लोक मानत होते की हलत्या वस्तूचा जोर म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. मग अठराव्या शतकात कुणीतरी पितळेचे गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले. वेग दुप्पट केला तर गोळा दुप्पट खोल जायला हवा होता, तो गेला चौपट. तिप्पट केला तर नऊपट. झालं, वेगाचा वर्ग सिद्ध!

डेव्हिड बोडानिस यांच्या आइन्स्टाइनच्या समीकरणावरच्या २००० सालच्या पुस्तकाने ही गोष्ट घरोघरी पोचवली. पुस्तक वाचनीय आहे, आणि त्यात प्रयोगाचं श्रेय विलेम ग्राव्हेसांड या डच प्राध्यापकाला नीट दिलेलं आहे. पुढे गोष्ट तोंडोतोंडी जाताना ग्राव्हेसांड गळला आणि गोळे थेट एमिली द्यू शातलेच्या हातात आले. माझ्या सेमिनारच्या स्लाइडवर तर दोन्ही चुका होत्या. एमिली गोळे टाकतेय असं चित्र, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘दुप्पट वेग, चौपट खोली’.

माझं काम वाळूवर आदळणाऱ्या गोळ्यांवर आहे, त्यामुळे प्रस्तावनेत एवढा इतिहास हवाच असं मला वाटलं होतं. सरांनी स्लाइड बघितली आणि एकच विचारलं, “हे तू करून बघितलंस का?”

नव्हतं बघितलं. सांगितलेला प्रयोग इतका साधा आहे की तो करून बघायचं सुचत नाही. तुम्ही पेट-नेटची तयारी करत असाल, उद्या सिनॉप्सिस लिहायला बसाल, तर तुमच्याही प्रस्तावनेत असली दोन-तीन वाक्यं येणार आहेत. म्हणून या गोष्टीकडे आज आपण एखादा पेपर तपासायला आलाय अशा नजरेने बघू.

लॅबमध्ये २५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा होता, वजन साधारण ६४ ग्रॅम. शाडूची माती आणली, गणपतीला मळतात तशी मळली, परातीत थापून सपाट केली. गोळा आधी २५ सेंटिमीटरवरून सोडला, मग १ मीटरवरून. उंची चौपट म्हणजे आपटतानाचा वेग दुप्पट, सेकंदाला २.२ मीटरऐवजी ४.४ मीटर. खड्डे मोजले. पहिला साधारण ४ मिलिमीटर खोल. दुसरा? गोष्टीप्रमाणे १६ यायला हवा होता. आला साडेआठ.

दुपटीच्या जरा वर! पहिल्यांदा वाटलं माती घट्ट झाली असेल. पुन्हा मळली, पुन्हा टाकला, तेच. म्हणजे गोष्टीतल्याच पद्धतीने, खोलीवरून निष्कर्ष काढायचा झाला, तर माझ्या परातीने चक्क जुन्या लोकांच्या बाजूने कौल दिला होता. खोली वेगाच्या प्रमाणात.

आता गंमत बघा. भौतिकशास्त्र चुकलेलं नाही, चुकली आहे खोली. मऊ माती गोळ्याला अडवते ती ढोबळमानाने एका ठरावीक दाबाने. गोळा जसजसा आत जातो तसतसं मातीला टेकलेलं त्याचं वर्तुळ मोठं होतं, म्हणून अडवणारं बलही वाढत जातं. सगळी ऊर्जा जिरवायला किती माती बाजूला सारावी लागली, हे महत्त्वाचं. म्हणजे मोजायचं ते खड्ड्याचं घनफळ. उथळ खड्डा असेल तर गोल वस्तूच्या खड्ड्याचं घनफळ जवळपास खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ऊर्जा चौपट झाली की घनफळ चौपट, आणि खोली मात्र दुप्पटच. माझ्या दोन खड्ड्यांचं घनफळ काढलं तेव्हा गुणोत्तर ३.९ आलं. जीव भांड्यात पडला.

चौपट खोली खरोखर दिसेल ती कधी? अडवणारं बल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं असेल तेव्हा. सपाट टोकाचा दंडगोल टाकला तर काहीसं तसं होईल. गोळ्याचं नाही होणार. गोष्ट सांगणाऱ्यांनी ‘परिणाम चौपट’ हे वाक्य घेतलं आणि परिणाम म्हणजे खोली असं स्वतःच्या मनाने भरलं.

पण मला याहून जास्त खटकतो तो दुसरा दोष. या गोष्टीत फक्त वेग बदलतो, वस्तुमान बदलतच नाही. समजा मला काहीच माहीत नाही आणि माझ्याकडे फक्त ४ आणि ८.५ हे आकडे आहेत. मी निवांत लिहून टाकेन की परिणाम वेगाच्या प्रमाणात आहे. तेच मी उंची तीच ठेवून त्याच आकाराचा चौपट जड गोळा टाकला असता, तर खोली चौपट नव्हे, पुन्हा दुपटीच्या आसपासच आली असती. म्हणजे वेग दुप्पट केला तरी खोली दुप्पट आणि वस्तुमान चौपट केलं तरी खोली दुप्पट. वस्तुमान गुणिले वेग या सूत्रात हे बसत नाही. वस्तुमान चौपट करणं आणि वेग दुप्पट करणं एकाच मापाचं ठरतंय, याचाच अर्थ वेगाचा वर्ग आहे. एकट्या वेगाच्या आकड्यांतून हे कधीच कळलं नसतं. दोन चलांचं सूत्र असताना एकच चल हलवून सूत्र ‘सिद्ध’ केलेलं दिसलं की तिथे पेन्सिलने खूण करा.

मूळ प्रयोगकर्ते एवढे भोळे नव्हतेच. इटलीत जोव्हानी पोलेनीने १७१८ मध्ये चरबीवर, आणि हॉलंडमध्ये ग्राव्हेसांडने १७२२ मध्ये मातीवर जे केलं, ते गोष्टीपेक्षा कितीतरी हुशारीचं होतं. गोळे सारख्या आकाराचे, वजनं वेगवेगळी. उंची वजनाच्या व्यस्त प्रमाणात ठेवायची, म्हणजे तिप्पट जड गोळा एक तृतीयांश उंचीवरून. आणि बघायचं काय, तर खड्डे सारखे येतात का. सारखे आले.

यात काय साधलं ते नीट बघा, कारण लॅबमध्ये ही युक्ती रोज लागते. माती कशी दबते, खोली घ्यायची की घनफळ, दाब किती, यातलं काहीही माहीत असण्याची गरज उरली नाही. दोन्ही बाजूंना सारखाच खड्डा आला की मातीचा नियम दोन्हीकडून कटतो. तराजूसारखंच, काटा मध्ये आला की झालं.

मी काचेची २५ मिलिमीटरची गोटी मिळवली, साधारण २० ग्रॅमची. ती ८० सेंटिमीटरवरून टाकली. पोलादी गोळा २५ सेंटिमीटरवरून. २० गुणिले ८० म्हणजे १६००, ६४ गुणिले २५ म्हणजेही १६००. गोटीचा वेग सेकंदाला जवळपास ४ मीटर, गोळ्याचा २.२. वस्तुमान गुणिले वेग काढलं तर पोलादाचा आकडा गोटीच्या पावणेदोन पटीहून जास्त भरतो. खड्डे मात्र शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते ओळखू येत नव्हतं.

ग्राव्हेसांड तोपर्यंत न्यूटनच्या बाजूचा, वस्तुमान गुणिले वेगवाला माणूस. न्यूटनचं भौतिकशास्त्र शिकवणारं पाठ्यपुस्तक त्याने दोनच वर्षांपूर्वी काढलं होतं. स्वतःच्या प्रयोगाने त्याचं मत बदललं. लोकप्रिय गोष्टीत नेमका हाच भाग सपाट होतो, याचं वाईट वाटतं.

तर मग सिद्ध झालं का? नाही. इथूनच खरा वाद सुरू होतो आणि गोष्टवाले इथेच थांबतात.

विरोधक काय म्हणत होते? खड्डे सारखे आले हे मान्य, पण ते पडायला सारखाच वेळ लागला का? नाही लागला. वेगवान गोटी ४ मिलिमीटर झटकन आत गेली, सावकाश गोळ्याला जास्त वेळ लागला. जास्त वेळ माती अडवत राहिली म्हणजे तिने जास्त जोर खाल्ला. हा आक्षेप फालतू नाही. गाडीचं उदाहरण घ्या. ब्रेकने वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद एवढा कमी होतो असं धरू. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारी गाडी २ सेकंदांत आणि १० मीटरमध्ये थांबेल. ताशी ७२ ने जाणारी ४ सेकंदांत आणि ४० मीटरमध्ये. वेग दुप्पट झाल्यावर ‘थांबवायला किती कष्ट’ दुप्पट झाले की चौपट? घड्याळाला विचारलं तर दुप्पट, रस्त्याला विचारलं तर चौपट.

आपल्या नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यातली गतिज ऊर्जेची व्युत्पत्ती आठवा. बल गुणिले विस्थापन घेतो, गतीचं तिसरं समीकरण घालतो, हाफ एमव्ही स्क्वेअर बाहेर येतं. तेच बल गुणिले काळ घेऊन पहिलं समीकरण घातलं असतं तर एमव्ही बाहेर आलं असतं. वर्ग हा निसर्गाने आपण होऊन सांगितलेला नाही, आपण बल अंतरासोबत मोजायचं ठरवलं तेव्हा तो आला. दोन्ही राशी खऱ्या आहेत, एकीला आज आपण संवेग म्हणतो, दुसरीला गतिज ऊर्जा. सतराव्या-अठराव्या शतकात दोन्हींना मिळून एकच शब्द होता, ‘बल’, आणि भांडण त्या एका शब्दाच्या मालकीवरून चाललं होतं. दालांबेरने १७४३ च्या गतिशास्त्रावरच्या ग्रंथात याला शब्दांचा वाद म्हटलं ते यामुळेच.

आता एमिली. तिचं ‘भौतिकशास्त्राची मूलतत्त्वे’ अशा अर्थाचं फ्रेंच पुस्तक १७४० मध्ये पॅरिसमध्ये निघालं, त्यावर तिचं नाव नव्हतं. पुस्तक मुलाला शिकवण्याच्या निमित्ताने लिहिलेलं. त्याच्या शेवटच्या प्रकरणात ती लायब्निट्सच्या ‘जिवंत बला’ची, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाच्या वर्गाची बाजू मांडते. हे प्रकरण इंग्रजी अनुवादात मिळतं, जरूर वाचा. मातीचे गोळे तिच्या युक्तिवादाच्या केंद्रात नाहीत. प्रयोग तिने इतरांचे म्हणूनच घेतले आहेत. तिची खरी लढाई आहे ती पॅरिस अकादमीच्या मेरांशी, त्याच्या १७२८ च्या निबंधाशी.

मेरांचा युक्तिवाद आज कुणी सांगत नाही, पण तो बघण्यासारखा आहे. दोन दगड वर फेका, एक १ वेगाने आणि एक २ वेगाने. पहिला १ सेकंदात १ माप चढून थांबतो. दुसरा २ सेकंदांत ४ मापं चढतो. लायब्निट्सवाले म्हणणार, बघा चौपट. मेरां म्हणतो, चढलेलं अंतर मोजू नका, हुकलेलं अंतर मोजा. गुरुत्वाकर्षण नसतं तर पहिला दगड त्या सेकंदात २ मापं गेला असता, गेला १, हुकलं १. दुसरा पहिल्या सेकंदात ४ गेला असता, गेला ३, हुकलं १. दुसऱ्या सेकंदाच्या सुरुवातीला त्याचा वेग उरला निम्मा, त्या वेगाने २ गेला असता, गेला १, पुन्हा हुकलं १. बेरीज २. म्हणजे बल दुप्पट.

एमिलीने याची सालं काढली आहेत. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की जे अंतर वस्तू गेलीच नाही ते तिच्या बलाचा परिणाम कसं असेल? आणि बल खर्च होतंय असंही धरायचं आणि त्याच वेळी ते अख्खं शिल्लक आहे असंही धरायचं, हे चालणार नाही. वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. मेरां तोवर अकादमीचा सचिव झाला होता. त्याने १७४१ मध्ये तिला उद्देशून पत्र छापलं, तिने त्याच वर्षी उत्तर छापलं. यात गंमत म्हणजे अग्नीवरच्या आपल्या आधीच्या निबंधात तिनेच मेरांची स्तुती केली होती. आणि घरात व्होल्तेर, तो तर मेरांच्या बाजूने लिहीत होता!

पण टाळ्या वाजवून झाल्यावर मेरांचं गणित पुन्हा तपासा. ते बरोबर आहे. प्रत्येक सेकंदाला हुकलेलं अंतर म्हणजे गुरुत्वाने त्या सेकंदात काढून घेतलेल्या वेगाचंच माप आहे. मेरां वळसा घालून संवेग मोजत होता. एमिली त्याची मांडणी खोडते, पण ‘परिणाम म्हणजे कापलेलं अंतर’ हे तिने आधीच धरलेलं असतं, आणि वाद तर त्याबद्दलच होता. या प्रकरणातली ही कमकुवत जागा आहे असं मला वाटतं.

बळकट जागा दुसरी आहे, याकोब हेर्मानकडून घेतलेलं टकरीचं उदाहरण. वस्तुमान १ आणि वेग २ असलेला पूर्ण स्थितिस्थापक चेंडू, स्थिर असलेल्या ३ वस्तुमानाच्या चेंडूवर आदळतो. मोठा चेंडू १ वेगाने पुढे जातो, लहान चेंडू १ वेगाने मागे फिरतो. मागे त्याला १ वस्तुमानाचा आणखी एक स्थिर चेंडू भेटतो, त्याला आपला सगळा वेग देऊन हा थांबतो. हिशेब करा. एकाच्या २ वेगातून एकूण ४ वस्तुमानाला १ वेग मिळाला. १ वस्तुमानाला १ वेग देणं हे एक एकक धरलं, तर सुरुवातीच्या चेंडूत ४ एककं होती. इथे माती नाही, खड्डा नाही, वेळ किती लागला हा आक्षेपही लागू होत नाही.

विरोधकाला एकच वाट उरते, दिशा. एक चेंडू डावीकडे गेला, दुसरा उजवीकडे, तर ३ मधून १ वजा करा, येतात २, म्हणजे सुरुवातीचा एमव्ही जसाच्या तसा. तेही बरोबरच! देकार्त गतीचं परिमाण मोजताना दिशा धरत नव्हता, त्याच्या मापाला हे उदाहरण संपवतं. दिशेसह मोजलेल्या संवेगाला धक्काही लावत नाही. टकरीतून काय शिल्लक राहतं, हे दोन प्रकारे मोजता येतं आणि दोन्ही प्रकारे हिशेब जुळतो, हे एवढ्या छोट्या उदाहरणात कुठेच मला दिसलं नव्हतं. गोळ्यांच्या स्लाइडऐवजी आता मी हे तीन चेंडू दाखवते.

जाता जाता, वर नववीचा धडा सोडला तर कुठेही ‘अर्धा’ आला नाही हे लक्षात आलं का? खड्डे, दगड, चेंडू, सगळीकडे आपण गुणोत्तरं घेत होतो, त्यात अर्धा कटतो. लायब्निट्स, ग्राव्हेसांड, एमिली, कुणालाच त्याची गरज पडली नाही. बल गुणिले अंतर याला ‘कार्य’ म्हणून बरोबरीत बसवायचं ठरल्यावर तो लागतो, आणि ते कोरियोलिसने १८२९ मध्ये केलं. म्हणून ‘एमिलीने हाफ एमव्ही स्क्वेअर शोधलं’ असं लिहिलेलं दिसलं तर तेही खोडा.

सेमिनारनंतर हे सगळं घेऊन मी पुन्हा सरांकडे गेले. त्यांनी शाडूचे जुळे खड्डे बघितले, खूश झाले, आणि म्हणाले, “हेच आता तुझ्या वाळूत कर.”

ग्राव्हेसांडची युक्ती कुठल्याही मातीत चालते असं मी वर जवळजवळ सुचवलंच आहे. त्यात एक अट लपलेली आहे. अडवणारं बल फक्त गोळा किती आत गेलाय यावर अवलंबून हवं, तो किती वेगाने जातोय यावर नको. मग त्या बलाचा नियम काहीही असो, सारख्या ऊर्जेला सारखाच खड्डा मिळतो. मऊ शाडू ही अट बऱ्यापैकी पाळतो. कोरडी वाळू नाही पाळत, तिला बाजूला सारताना वेगाचाही हिशेब लागतो. उएहारा, अँब्रोसो, ओझा आणि डुरियन यांनी २००३ मध्ये सुट्या कणांवर गोळे टाकून मोजलं, तेव्हा खोली एकूण पडलेल्या अंतराच्या घनमुळाच्या आणि गोळ्याच्या घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आली. माझी गोटी आणि माझा गोळा त्या सूत्रात घाला. घनतेचं गुणोत्तर ३.२, उंचीचं त्याच्या उलट. ३.२ चं वर्गमूळ भागिले ३.२ चं घनमूळ, म्हणजे साधारण १.२.

ऊर्जा अगदी सारखी, आणि तरी वाळूत पोलादी गोळा काचेच्या गोटीपेक्षा वीसेक टक्के जास्त खोल. ग्राव्हेसांडने त्या दिवशी मातीऐवजी वाळू घेतली असती तर खड्डे जुळलेच नसते. पोलेनीने चरबी निवडली, याने माती निवडली. ते जाणूनबुजून होतं की जवळ होतं ते घेतलं, हे मी सध्या शोधतेय. परात अजून टेबलावरच आहे, शाडू वाळू नये म्हणून वर ओलं फडकं टाकून.